राखीव सैनिकाला बोलावणे येते तेव्हा

जिल्दसाज (मूळ लेख)

संसदेवरच्या हल्ल्याला दोन आठवडे होत आले होते. २००१ चा डिसेंबर संपत होता आणि इंदूरच्या राजवाड्यापासून चालत जाण्याच्या अंतरावर असलेल्या माझ्या पुस्तकबांधणीच्या दुकानात तार आली. माघातल्या लग्नांच्या पत्रिका छापून वाळत ठेवल्या होत्या, तीन शाळांची हजेरीपुस्तके शिवायची राहिली होती आणि खळ नुकतीच शिजवून खाली उतरवली होती. पलटण एम्बॉडी होत आहे, म्हणजे पूर्णवेळ सेवेवर बोलावली जात आहे, ठरलेल्या तारखेपर्यंत हजर व्हा, एवढाच त्या तारेचा मजकूर होता. मी तेव्हा २९ वर्षांचा होतो आणि प्रादेशिक सेनेत भरती होऊन मला ६ वर्षे झाली होती. युद्धाविषयी माझी जी काही समजूत आहे, तिची सुरुवात त्या दुपारपासून होते.

आता मी सेवेतून मोकळा झालो आहे, म्हणून हे लिहू शकतो. पलटणीचे नाव आणि नेमणुकीची ठिकाणे लिहिणार नाही, कृपया कोणी विचारूही नये.

लिहिण्याचे निमित्त २०२५ च्या उन्हाळ्याचे आहे. २२ एप्रिलला पहलगामच्या बैसरन कुरणात २६ माणसे मारली गेली आणि त्यांतला एक जण आपल्या इंदूरचा रहिवासी होता. शहरात जो संताप उसळला तो अगदी रास्त होता, आणि माझ्या घरातही त्या रात्री कोणी नीट जेवले नाही. पुढच्या दोन आठवड्यांत मात्र आपल्या ओळखीच्या प्रत्येक बैठकीत, प्रत्येक गटात एकच प्रश्न विचारला जात होता, आणि तो म्हणजे हल्ला कधी करणार. कोण जाणार आणि किती दिवसांसाठी जाणार, हा प्रश्न मी कोणाच्याही तोंडून ऐकला नाही. ६ मे रोजी केंद्र सरकारने लष्करप्रमुखांना प्रादेशिक सेनेतील प्रत्येक अधिकाऱ्याला आणि जवानाला बोलावण्याचा अधिकार दिला. तिच्या ३२ पायदळ पलटणींपैकी १४ पलटणी फेब्रुवारी २०२८ पर्यंत एम्बॉडी ठेवता येतील, असेही त्याच आदेशात म्हटले होते. त्या रात्री ऑपरेशन सिंदूर सुरू झाले आणि ही बातमी साहजिकच मागे पडली. ज्यांना तिचा अर्थ कळला त्यांच्या घरांत मात्र त्या दिवशी कोणीतरी ट्रंक उघडून गणवेशाची घडी मोडली असेल.

प्रादेशिक सेना म्हणजे काय, हे आपल्याकडे अनेकांना ठाऊक नसते, म्हणून थोडक्यात सांगतो. १९४८ च्या कायद्याने ही सेना उभी राहिली आणि ९ ऑक्टोबर १९४९ रोजी चक्रवर्ती राजगोपालाचारी यांच्या हस्ते तिचे उद्घाटन झाले. तिच्यात येणाऱ्याला स्वतःचा चरितार्थ असावा लागतो. तो वर्षातून ठरावीक काळ प्रशिक्षण घेतो आणि देशाने बोलावले की पूर्णवेळ शिपाई होतो. १९६२, १९६५ आणि १९७१ या तिन्ही युद्धांत या सेनेने काम केले आहे. रेल्वे आणि तेल कंपन्यांतील कर्मचाऱ्यांच्या तिच्यात वेगळ्या तुकड्या आहेत, उजाड डोंगरांवर झाडे लावणाऱ्या पलटणीही आहेत. महेंद्रसिंग धोनी यांच्यामुळे या सेनेचे नाव लोकांच्या कानावर गेले. पण त्यांचा हुद्दा मानद आहे आणि आमच्यातले बहुतेक जण शिंपी, कंडक्टर, शाळेतले शिपाई आणि शेतकरी होते.

ही कल्पना मराठी माणसाला नवी वाटू नये. पावसाळ्यात छावणी करायची, पेरणी उरकायची आणि दसऱ्याला सीमोल्लंघन करून मोहिमेवर निघायचे, ही आपल्या पूर्वजांची रीतच होती. होळकरांच्या फौजेबरोबर जे लोक माळव्यात आले, त्यांच्यातल्या कित्येकांच्या घरी नांगर आणि तलवार एकाच ओसरीवर असत. हंगाम चुकला तर वर्ष चुकते, हे शेतकरी असलेल्या शिपायाला कोणी शिकवावे लागत नसे, आणि म्हणून मोहीम कधी संपणार हा प्रश्न तो न लाजता विचारत असे.

संसदेवरच्या हल्ल्यानंतर सीमेवर सैन्य उभे करण्याच्या ‘पराक्रम’ या मोहिमेत माझी नेमणूक पिछाडीवर होती. नियमित सैन्य सीमेकडे सरकले की त्याच्या मागचे पूल, दारूगोळ्याची कोठारे आणि रेल्वेमार्ग कोणीतरी राखावे लागतात, आणि ते काम बहुधा आमच्याकडे येते. राजस्थानातल्या एका रेल्वेपुलावर मी पहारा देत असे. जानेवारीत ताडपत्रीखाली रणगाडे घेऊन गाड्या पश्चिमेकडे जात, आणि त्यांचे डबे मोजण्याची मला सवयच लागली. मे महिन्यात त्या पुलाच्या लोखंडाला हात लावता येत नव्हता, आणि पाण्याचा टँकर यायला उशीर झाला की कोणी कोणाशी बोलत नसे. युद्ध आज होईल, उद्या होईल, असे म्हणत उन्हाळा गेला आणि पावसाळाही गेला. ऑक्टोबरात सैन्य मागे घेण्याचा निर्णय झाला आणि त्याच गाड्या उलट्या दिशेने जाताना मी पुन्हा मोजल्या. त्या मोहिमेत देशाला काय मिळाले, यावर जाणकारांत आजही वाद आहे आणि त्यात शिरण्याची माझी पात्रता नाही. मला एवढे सांगता येते की युद्ध झाले नाही तरी त्याचे दिवस भरावेच लागतात, आणि ते कोणाच्या तरी आयुष्यातून वजा होतात.

दुसरे बोलावणे काश्मीरचे होते आणि ते दोन वर्षांहून अधिक काळ चालले. आमच्या कंपनीकडे रस्ता उघडण्याचे काम होते. लष्करी भाषेत त्याला आरओपी म्हणतात. सकाळी कानवाई (लष्करी गाड्यांचा ताफा) निघण्याआधी ठरलेल्या टप्प्यातला सगळा रस्ता पायी तपासायचा, मोऱ्यांत वाकून पाहायचे, नव्याने उकरलेली माती दिसते का ते पाहायचे, आणि गाड्या गेल्यावरही संध्याकाळपर्यंत उभे राहायचे. माझ्या टप्प्यात एक किराणा दुकान होते. मी स्वतः दुकानदार असल्यामुळे त्याचे शटर किती वाजता उठते, पोती कोणत्या क्रमाने बाहेर येतात, हे माझ्या लक्षात राहत असे. एके सकाळी ते उघडले नाही. रोज उघडणारे दुकान विनाकारण बंद असणे ही धोक्याची खूण असू शकते, म्हणून मी सुभेदारसाहेबांना कळवले आणि त्यांनी कानवाई थांबवली. दोन तास आम्ही तो सगळा परिसर पिंजून काढला आणि काहीच निघाले नाही. त्या दुकानदाराची आई रात्री वारली होती आणि तो दफनाच्या तयारीत होता, हे आम्हाला दुपारी कळले.

त्या सकाळी आम्ही जे केले ते बरोबरच होते, आणि पुन्हा वेळ आली तर मी तेच करीन. तरीही ही घटना मला हिंसेच्या इतर अनेक आठवणींपेक्षा जास्त छळते. दहशतवाद माणसे मारतो हे आपल्याला दिसते; पण ज्या मुलखात तो मुरतो तिथे बंद दुकान हे नुसते बंद दुकान राहत नाही, रस्त्यात पडलेली पिशवी नुसती पिशवी राहत नाही, आणि एका माणसाच्या घरातले मरण दुसऱ्या माणसाला संशयास्पद वाटू लागते. हे नुकसान कोणत्याही यादीत मोजले जात नाही, आणि बंदुकीने ते भरूनही काढता येत नाही.

जगाकडे पाहतानाही माझी नजर याच ठिकाणी थांबते. रशियाने युक्रेनवर २४ फेब्रुवारी २०२२ रोजी आक्रमण केले, तेव्हा ते काही दिवसांत संपेल असे अनेकांना वाटले होते. २१ सप्टेंबरला ३ लाख राखीव सैनिक बोलावण्याची घोषणा झाली आणि त्यानंतर जॉर्जिया व कझाकस्तानच्या सीमांवर देश सोडून जाणाऱ्या पुरुषांच्या मोटारींच्या रांगा लागल्या. तोपर्यंत जे युद्ध दूरचित्रवाणीवर चालले होते, ते त्या दिवशी घरात शिरले. युक्रेनमध्ये पहिल्या आठवड्यात प्रादेशिक संरक्षण दलात नाव नोंदवण्यासाठी शिक्षक आणि संगणक अभियंते रांगेत उभे होते, आणि एप्रिल २०२४ मध्ये त्याच देशाला सक्तीच्या भरतीचे वय २७ वरून २५ वर आणावे लागले. पहिल्या आठवड्याचा उत्साह आणि तिसऱ्या वर्षीचा थकवा हे दोन्ही खरे आहेत. पण आपण चर्चा करतो ती नेहमी पहिल्या आठवड्याचीच.

माझे म्हणणे एवढेच आहे की जो कोणी युद्धाची मागणी करतो, त्याने त्याच वाक्यात मुदतही सांगावी आणि कोणाच्या दुकानाचे शटर तेवढे दिवस बंद राहील तेही सांगावे. मी युद्धविरोधी नाही. बोलावणे आले तेव्हा मी दोन्ही वेळा गेलो. मुदतीचा हिशेब न करता केलेली मागणी मला अपुरी वाटते. आपली मते वाचायला आवडतील.


छत्रीबागकर

जिल्दसाज काका, आपल्या सेवेविषयी मनापासून आदर आहे आणि तो ठेवूनच मी असहमती नोंदवतो. मुदतीचा हिशेब मांडत बसण्याची चैन समोरच्या पक्षाने आपल्याला कधी दिली? २६ नोव्हेंबर २००८ रोजी १० माणसांनी मुंबईत १६६ जणांचे प्राण घेतले आणि आपण पुरावे पाठवत राहिलो. २०१६ मध्ये उरीला १९ जवान गेले, २०१९ मध्ये पुलवामाला केंद्रीय राखीव पोलीस दलाचे ४० जण गेले. पहलगामला जे झाले ते मी दूरवरच्या बातमीसारखे वाचू शकत नाही, कारण आमच्या शहरातला माणूस शवपेटीतून परत आला आणि त्या दिवशी मी रस्त्याच्या कडेला उभा होतो. आपण म्हणता तसे ‘किती दिवस’ विचारत राहिलो, तर ज्यांना दिवसांची पर्वा नाही असे लोकच जिंकतील. उत्तर द्यायलाच हवे आणि ते कठोर असायला हवे.


जिल्दसाज

छत्रीबागकर, आपण ज्या रस्त्याच्या कडेला उभे होता, त्याच रस्त्यावर मीही होतो. उत्तर द्यायला हवे, याबाबत आपल्यात मतभेद नाही.

आपण दिलेल्या घटनांच्या पुढे काय झाले तेही पाहू. उरीनंतर सप्टेंबर २०१६ च्या अखेरीस नियंत्रण रेषेपलीकडे छापे पडले. पुलवामानंतर २६ फेब्रुवारी २०१९ रोजी बालाकोटवर हवाई हल्ला झाला, आणि त्यासाठी मिराज विमाने आपल्याच ग्वाल्हेरहून उडाली होती. पहलगामनंतर ७ मे २०२५ च्या पहाटे ९ ठिकाणांवर मारा झाला आणि १० मे रोजी गोळीबार थांबला. प्रत्येक वेळी उत्तर आधीपेक्षा खोलवर गेले आणि प्रत्येक वेळी ते थोड्या काळात आटोपते घेण्यात आले. थांबणे हाही निर्णयाचाच भाग होता. दोन्ही देशांकडे १९९८ पासून उघडपणे अण्वस्त्रे आहेत, आणि त्यानंतरच्या प्रत्येक संघर्षात किती पुढे जायचे हे पहिल्या गोळीच्या आधी ठरवावे लागले आहे. १९९९ मध्ये कारगिलला आपले ५२७ जवान धारातीर्थी पडले, तरीही नियंत्रण रेषा ओलांडायची नाही हा आदेश अखेरपर्यंत पाळला गेला. चढ चढणाऱ्या पलटणींना त्याची फार मोठी किंमत मोजावी लागली. पण जगाचे मत आपल्या बाजूने राहिले, आणि जुलैमध्ये पाकिस्तानवर माघारीचा जो दबाव आला त्यात या संयमाचा मोठा वाटा होता.

याच्या उलट उदाहरण अमेरिकेचे आहे. ११ सप्टेंबर २००१ नंतर अमेरिका अफगाणिस्तानात गेली तेव्हा तिचा संताप आपल्याइतकाच न्याय्य होता. तिने तिथे २० वर्षे काढली, राखीव दलांतील माणसे पुन्हा पुन्हा पाठवली, आणि १५ ऑगस्ट २०२१ रोजी काबूल पुन्हा तालिबानच्या हाती गेले. त्या देशाकडे शक्ती कमी नव्हती. काम कधी संपले असे म्हणायचे, हे मात्र त्याला शेवटपर्यंत सांगता आले नाही.


महूची लेक

मी लष्करी घरातली आहे, बालपण महूच्या छावणीत गेले आणि लग्नही नियमित सैन्यातल्या माणसाशी झाले. जिल्दसाज दादांनी पराक्रमचा उल्लेख केला म्हणून लिहिते. माझे यजमान तेव्हा पंजाबात होते. शत्रूची एकही गोळी न झेलता त्यांच्या ओळखीची माणसे गेली, कारण सीमेवर मैलोगणती सुरुंग पेरले जात होते आणि पेरताना, नंतर काढताना अपघात होत होते. त्या बायकांच्या समाचाराला आम्ही जात असू. नवरा युद्धात गेला असे तरी म्हणावे, तर युद्ध झालेलेच नव्हते.

आणखी एक गोष्ट मला विसरता येत नाही. १४ मे २००२ रोजी, आपले सगळे सैन्य सीमेवर सज्ज उभे असताना, जम्मूजवळच्या कालूचकमध्ये सैनिकांच्या कुटुंबांच्या वसाहतीत अतिरेकी शिरले आणि त्यांनी बायका-मुलांना मारले. तोपर्यंत आम्हाला वाटत असे की पुरुष पुढे आणि आम्ही मागे सुरक्षित. त्यानंतर छावणीतल्या शाळेच्या बसकडे पाहण्याची आमची नजर बदलली. दादा बंद दुकानाबद्दल म्हणतात ते मला या अनुभवामुळे पटते.


विधी शाखा

मी इथे इंदुरातच कायद्याचे शिक्षण घेते आहे. माझा एक मूलभूत प्रश्न आहे. दहशतवादाची सगळ्या देशांना मान्य असलेली कायदेशीर व्याख्या आहे का? नसेल, तर एखाद्या देशाने सीमा ओलांडून कारवाई केली की ती कोणत्या आधारावर योग्य ठरते?


प्राध्यापक माळवी

तशी सर्वमान्य व्याख्या आजही नाही, आणि याची खंत भारताला सर्वांत जास्त असायला हवी. आंतरराष्ट्रीय दहशतवादाविरुद्ध एक सर्वंकष करार व्हावा असा मसुदा भारतानेच १९९६ मध्ये संयुक्त राष्ट्रांपुढे ठेवला होता. तो अजून मंजूर झालेला नाही. परकी सत्तेविरुद्ध लढणाऱ्यांना व्याख्येतून वगळावे असा काही देशांचा आग्रह आहे, तर सरकारी सैन्याच्या कृती व्याख्येत याव्यात की नाहीत यावर दुसरे देश अडून बसले आहेत. म्हणजे निरपराध माणसाला मुद्दाम मारणे वाईट, हे सगळे म्हणतात. पण आपल्या मित्राने तसे केले तर काय म्हणायचे, यावर एकमत होत नाही.

स्वसंरक्षणाचा अधिकार संयुक्त राष्ट्रांच्या सनदेच्या ५१ व्या कलमात आहे आणि सीमापार कारवाया करणारे देश सहसा त्याचाच आधार घेतात. सुरक्षा परिषदेचा २८ सप्टेंबर २००१ चा १३७३ क्रमांकाचा ठराव दहशतवादाला पैसा आणि आसरा न देण्याचे बंधन सर्व देशांवर घालतो. हा मार्ग संथ आहे. पण तो निरुपयोगी नाही. जैश-ए-मोहम्मदचा म्होरक्या मसूद अझहर याचे नाव चीनच्या आडकाठीमुळे कित्येक वर्षे अडून राहिले आणि शेवटी १ मे २०१९ रोजी सुरक्षा परिषदेच्या यादीत गेले. पैशाच्या गैरव्यवहारावर नजर ठेवणाऱ्या आंतरराष्ट्रीय कृती दलाने पाकिस्तानला जून २०१८ पासून ऑक्टोबर २०२२ पर्यंत करड्या यादीत, म्हणजे वाढीव देखरेखीखाली ठेवले, आणि त्या काळात त्या देशाला काही संघटनांच्या म्होरक्यांवर खटले चालवावे लागले. छत्रीबागकर यांना हे अपुरे वाटेल, आणि एकट्याने ते अपुरेच आहे.


जिल्दसाज

प्राध्यापक साहेबांनी कायद्याची बाजू इतकी स्वच्छ मांडली आहे की मी फक्त शिपायाच्या बाजूने भर घालतो. न्यूयॉर्कमध्ये व्याख्या झाली नसली तरी रस्त्यावर उभ्या असलेल्या जवानाला त्या क्षणी ती करावीच लागते. आमच्याकडे लष्करप्रमुखांच्या दहा आज्ञा होत्या आणि त्या पाठ करून घेतल्या जात. छळ करायचा नाही, स्त्रियांशी गैरवर्तन करायचे नाही, नागरी प्रशासनात ढवळाढवळ करायची नाही, अशा त्या आज्ञा. आमचे सुभेदारसाहेब म्हणत, दहशतवाद्याला तुझ्या आणि गावकऱ्याच्या मध्ये भांडण हवे आहे, ते त्याला फुकट देऊ नकोस.

इथे राखीव सैनिकाचा एक उपयोग होतो, असे मला अनुभवाने वाटते. आमच्या कंपनीतला शिंपी गावकऱ्यांच्या फेरनची शिवण पाहून बोलणे सुरू करी. शेतकरी असलेला नाईक अक्रोडाच्या झोडणीबद्दल विचारी आणि आपल्या सोयाबीनचे सांगे. आम्ही मुळात नागरिकच आहोत आणि उद्या पुन्हा नागरिक होणार आहोत, हे समोरच्याला कळत असे. अर्थात याने सगळे सुरळीत होते असा माझा दावा नाही. ज्या दुकानदाराची आई वारली होती, त्याच्याशी मी नंतर कधीच मोकळेपणाने बोलू शकलो नाही.


अलिबागची माहेरवाशीण

माझे सासर इंदूरला आणि माहेर अलिबागेजवळ. आमच्या शेजारी बेने इस्रायली कुटुंब होते, ज्यांना गावात शनिवार तेली म्हणत. ते सगळे पुढे इस्रायलला गेले आणि आता अश्दोदला राहतात; पण घरात अजून मराठी बोलतात आणि माझ्या बालमैत्रिणीशी माझे फोनवर मराठीतच बोलणे होते. ७ ऑक्टोबर २०२३ रोजी हमासने तिथे सुमारे १,२०० लोकांना मारले आणि २५१ जणांना ओलीस नेले. त्यानंतर त्या देशाने सुमारे ३ लाख ६० हजार राखीव सैनिक बोलावले, आणि माझ्या मैत्रिणीचा मुलगा त्यांतला एक होता. तो औषधांच्या दुकानात काम करतो. पहिल्या महिन्यात ती मला म्हणाली, “सगळे गेले, एकही मागे राहिला नाही.” त्या वेळी तिच्या आवाजात अभिमान होता. पुढच्या वर्षी तो तिसऱ्यांदा गेला, तेव्हा ती फक्त सुनेबद्दल आणि नातवाबद्दल बोलत होती. गाझामधल्या मुलांची चित्रे पाहून तिला झोप येत नाही, असेही ती एकदा म्हणाली, आणि मग म्हणाली की हे इथे कोणाजवळ बोलता येत नाही.

जिल्दसाज दादांचा मुदतीचा मुद्दा मला तिच्या आवाजातल्या या फरकामुळे कळला.


नोकरदार ३१

माझे वय ३१ आहे, खासगी कंपनीत नोकरी करतो आणि प्रादेशिक सेनेत येण्याची इच्छा आहे. वयाची अट काय आहे? आणि बोलावणे आले तर नोकरी राहते का?


जिल्दसाज

वय १८ ते ४२ च्या दरम्यान असावे लागते, आणि अधिकारी व्हायचे असेल तर पदवी व लेखी परीक्षा लागते. एम्बॉडी असताना नियमित सैन्याप्रमाणे वेतन मिळते. पण निवृत्तिवेतनासाठी जवानाची एम्बॉडी सेवा १५ वर्षे भरावी लागते, आणि मधल्या खंडांमुळे ती अनेकांची भरत नाही, हे आधीच माहीत असू द्या. नोकरीवर परत घेण्याचे बंधन १९४८ च्या कायद्याने मालकावर घातले आहे. प्रत्यक्षात माझ्याबरोबरच्या एका जवानाला परतल्यावर त्याच्या कंपनीने कामावर घेतले खरे. पण त्याच्या टेबलावर दुसरा माणूस बसला होता आणि याला गोदामात पाठवले. त्याने तक्रार केली नाही. आपण मात्र भरतीच्या आधी मालकाशी स्पष्ट बोलून घ्या, आणि त्याहून आधी घरात बोला.


छत्रीबागकर

काका, माझे मत पूर्ण बदलले असे मी म्हणणार नाही. उत्तराची भीती राहिली नाही तर पुढचा हल्ला लवकर होतो, असे मला आजही वाटते. महूच्या ताईंचे आणि अलिबागच्या ताईंचे वाचल्यावर एवढे मात्र मान्य करतो की ७ मे रोजी इंदुरात सायरन वाजवून सराव झाला आणि दिवे मालवले गेले, तेव्हा ते किती रात्री पेलता येईल असा विचार माझ्या मनात आला नव्हता. युक्रेनच्या युद्धात सूर्यफुलाचे तेल येईनासे झाले आणि आपल्या बाजारात सगळ्याच खाद्यतेलांचे भाव चढले, तेव्हा माझ्या घरी महिनाभर कुरकुर चालली होती; आणि ते युद्ध तर आपले नव्हतेच.

एक विचारू का? २००२ मध्ये आपण पुलावर होता, तेव्हा दुकानाचे काय झाले? वहिनींनी ते दिवस कसे काढले?


जिल्दसाज

आपण विचारल्यावर मी आज तिला विचारले. इतक्या वर्षांत हे तिला मी कधी नीट विचारले नव्हते, याची मला लाज वाटली. ती काही बोलली नाही. माळ्यावरून त्या वर्षीची हिशेबाची बही काढून आणली आणि माझ्यापुढे ठेवली.

जानेवारीपासून अक्षर तिचे आहे. लग्नपत्रिका तिने शेजारच्या छापखान्याच्या मुलाला हाताशी धरून वेळेवर पोहोचवल्या. हजेरीपुस्तकांपैकी दोन शाळांची तिने स्वतः शिवली. तिसऱ्या शाळेने काम दुसरीकडे दिले आणि ते गिऱ्हाईक आमच्याकडे परत आले नाही. मे महिन्याच्या पानावर कागद कापण्याचे यंत्र विकल्याची नोंद आहे. ते मला माहीत होते. पण ते तिने धाकट्या मुलीच्या टायफॉइडसाठी विकले होते हे मला आज कळले, कारण पत्रात तिने यंत्र बिघडले होते असे लिहिले होते. जुलैत सलग ९ दिवस जमेच्या बाजूला काही नाही. पितृपक्षात एका वाण्याच्या ४० वह्यांचे काम आले आणि त्यापुढे तिने कंसात ‘उधार’ लिहिले आहे. ऑक्टोबरात सैन्य मागे येणार असे वर्तमानपत्रात आले, त्या तारखेला तिने काहीच लिहिलेले नाही. दिवाळीला लक्ष्मीपूजनासाठी नवी बही शिवायची असते, ती तिने त्या वर्षी शिवली नाही. माझी वाट पाहत जुन्याच बहीत शेवटची ६ पाने जोडली. ती पाने वेगळ्या कागदाची आहेत आणि त्यांचा टाका थोडा तिरपा आहे.